गोष्ट सांगायची, पण हातची जाऊ द्यायची नाही

लेखन, नाटक, छायाचित्रण आणि व्हिडिओ करणाऱ्या वाचकांनी या वेळी जवळपास एकच काळजी कळवली आहे: आपल्या डोक्यातलं दुसऱ्याच्या नावावर निघालं तर काय करायचं? सोलापूर शहरातून, तसंच बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून प्रश्न आले. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं आणि त्यांच्या मूळ कल्पना आम्ही मुद्दाम छापत नाही. उत्तरांतली कथानकं आमची आहेत.

पुण्याच्या एका निर्मितीसंस्थेला माझ्या वेबमालिकेची कल्पना आवडेल असं वाटतं. ‘आधी चार ओळी व्हॉट्सॲपवर टाका, मग भेटू’ असं ते म्हणतात. टाकू का? कल्पना उचलली तर कायदा काही करतो का? – लेखिका, जुळे सोलापूर

चार ओळी टाकू नका. त्यांच्यावर अविश्वास दाखवा असं आमचं म्हणणं नाही. चार ओळींना कायद्याचं संरक्षणच मिळत नाही, अडचण ती आहे.

१९५७चा कॉपीराइट कायदा कल्पना राखत नाही, कल्पनेची मांडणी राखतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद खटल्यात हे स्वच्छ सांगितलं. ‘हम हिंदुस्थानी’ नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट त्याच्या नाटकावरून घेतला. दोन्हींत प्रांतवादाचा विषय होता. न्यायालय म्हणालं, विषय, कल्पना, कथाबीज, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांवर कुणाची मालकी नसते. दोन्ही कलाकृती पाहणाऱ्याला ‘ही त्याचीच नक्कल’ असं निःसंशय वाटलं पाहिजे. तसं वाटत नव्हतं, म्हणून लेखक हरला.

आता हे उदाहरणावर पाहू. ‘गिरणी कधीच बंद पडली, तरी रोज पहाटे भोंगा वाजतो.’ ही झाली कल्पना. एवढंच सांगितलंत तर समोरचा यावर भयकथा लिहील, तुम्ही कौटुंबिक मालिका लिहाल आणि कायद्याच्या लेखी दोघंही बरोबर. हीच कल्पना वाढवू. पूर्व भागात विड्या वळणारी एक तेलुगूभाषक आजी आहे. तिला ऐकू कमी येतं, तरी भोंगा पहिल्यांदा तिलाच ऐकू येतो. नातू रिक्षा चालवतो. आवाजाच्या मागावर तो गिरणीच्या चिमणीपाशी पोचतो आणि पहिल्या भागाच्या शेवटी त्याला तिथं दोन कोरी करकरीत हजेरीकार्डं सापडतात. त्यातलं एक वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावाचं असतं. दुसऱ्या भागात आजी ते कार्ड पाहते, काहीच बोलत नाही आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिची विड्यांची मोजणी चुकते. इथं मांडणी सुरू झाली. पात्रं, त्यांचे संबंध, प्रसंगांचा क्रम, भागाचा शेवट हे सगळं कुणी जसंच्या तसं घेतलं तर बोट ठेवून दाखवता येतं.

म्हणून भेटीआधी नऊ ते बारा पानांचं टिपण करा. एक पान मूळ कथा, प्रमुख चार-पाच पात्रांना प्रत्येकी अर्धं पान, प्रत्येक भागाचा दीडशे ते दोनशे शब्दांत सारांश आणि संवादांसह पूर्ण लिहिलेले दोन प्रसंग. ते दोन प्रसंग अजिबात टाळू नका. टिपणातला सगळ्यात भक्कम भाग तोच असतो, कारण संवाद योगायोगानं जुळत नाहीत.

कॉपीराइटशिवाय दुसरा एक आधार आहे, तो म्हणजे विश्वासभंग. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयानं झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात ‘कन्हैया’ नावाच्या मालिकेची संकल्पना मांडणाऱ्यांच्या बाजूनं मनाई, म्हणजे मालिका दाखवण्यावरची बंदी, कायम ठेवली. त्यांनी संकल्पना-टिपण, पात्रांची वर्णनं आणि भागांची कथानकं लिहून काढली होती, लेखक संघटनेत नोंदवली होती आणि मगच वाहिनीपुढे ठेवली होती. विश्वासभंग सिद्ध करायला चार गोष्टी लागतात: नेमकी कोणती माहिती दिली, ती विश्वासानं दिली होती, ती गोपनीय मानावी इतकी विकसित आणि वेगळी होती, आणि ती परवानगीशिवाय वापरली किंवा वापरली जाण्याची भीती आहे. यातली पहिली दोन तुमच्या ई-मेलवर उभी राहतात. मोठ्या संस्था गोपनीयतेच्या करारावर सहसा सही करत नाहीत, तेव्हा मेलच तुमचा करार. असा लिहा:

‘आपल्या ४ तारखेच्या फोनवरील मागणीनुसार आठ भागांच्या वेबमालिकेचं ११ पानी संकल्पना-टिपण, आवृत्ती ३, सोबत पाठवत आहे. हे टिपण फक्त निर्मितीच्या विचारासाठी, गोपनीय म्हणून देत आहे. माझ्या लेखी संमतीशिवाय ते इतरांना दाखवू अथवा वापरू नये. मिळाल्याचं कृपया कळवावं.’

टिपण पीडीएफमध्ये पाठवा, प्रत्येक पानावर नाव, तारीख आणि आवृत्ती घाला. संपादन करता येईल अशी गूगल डॉक्सची लिंक देऊ नका. उद्या कुणी काय बदललं यावरच वाद होईल. भेटीत तोंडी बरंच काही बोललं जातं आणि गळती तिथंच होते. म्हणून परतीच्या गाडीत बसल्याबसल्या दुसरा मेल करा: ‘आज दुपारच्या भेटीत मी चौथ्या भागाचा शेवट आणि आजीचा भूतकाळ सविस्तर सांगितला. आपण नातवाऐवजी नात घेण्याचं सुचवलंत.’ शेवटचं वाक्यही लिहाच. त्यांची भर त्यांच्या नावावर नोंदवली की तुमचं तुमच्या नावावर राहायला सोपं जातं, आणि ते न्याय्यही आहे.

काही संस्था ऐकण्याआधी एका फॉर्मवर सही मागतात. त्यात बहुधा लिहिलेलं असतं की अशीच कल्पना आमच्याकडे आधीपासून असू शकते आणि भविष्यात तुम्ही कोणताही दावा करणार नाही. पहिला भाग रास्त आहे, कारण त्यांच्याकडे खरोखर शेकडो कल्पना येतात. दुसरा भाग खोडून द्यायला सांगा. ‘सादर केलेल्या लेखनातील मांडणीवरचे हक्क लेखकाकडे राहतील’ एवढी ओळ तरी घालून घ्या. दोन्हींना नकार आला तर तिथं फक्त एक पान द्या. अकरा पानं देऊ नका.

संहिता स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टानं पाठवून पाकीट न फोडता ठेवलं की कॉपीराइट मिळतो म्हणतात. हे खरं का? नाहीतर नोंदणी कुठे करायची? – नाट्यलेखक, बार्शी

पाकिटानं कॉपीराइट मिळत नाही, कारण तो तुमच्याकडे आधीच असतो. मूळ लेखन कागदावर किंवा फाइलमध्ये उतरलं त्या क्षणी तो निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. प्रश्न फक्त पुराव्याचा आहे: अमुक मजकूर अमुक दिवशी तुमच्याकडे होता हे कसं दाखवणार? पाकीट हा दुबळा पुरावा. ते आधी उघडं पाठवून नंतर चिकटवलं असं समोरचा वकील म्हणू शकतो, आणि एकदा न्यायालयात फोडलं की संपलं.

पटकथा, मालिका, गाणी लिहिणाऱ्यांसाठी मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन हा सोपा रस्ता आहे. पूर्वी हिचंच नाव फिल्म रायटर्स असोसिएशन होतं. आधी सभासद व्हावं लागतं, मग घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. मराठी लेखनही नोंदवता येतं. ही कामगार संघटना आहे, सरकारी कार्यालय नव्हे. तिच्या नोंदणीनं मालकी ठरत नाही, त्या तारखेला तो मजकूर तुमच्याकडे होता एवढंच ठरतं. पण मनोरंजन व्यवसायात या नोंदणीला वजन आहे, आणि वाद झाला तर संघटनेच्या तंटा निवारण समितीकडे जाता येतं. लेखन बदललं की नवी आवृत्ती पुन्हा नोंदवा. बरेच जण पहिला खर्डा नोंदवतात आणि पाठवतात पाचवा. मग चोरीला गेलेला प्रसंग नोंदलेल्या प्रतीत सापडतच नाही.

दुसरा रस्ता दिल्लीचं कॉपीराइट कार्यालय. अर्ज ऑनलाइन करता येतो. साहित्यिक, नाट्य, संगीत किंवा कलाकृतीसाठी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० आणि चित्रपटासाठी ५,००० रुपये शुल्क आहे. अप्रकाशित लेखनही नोंदवता येतं. अर्ज भरला की डायरी क्रमांक मिळतो, पण तो म्हणजे नोंदणी नव्हे. त्यानंतर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावं लागतं, मग तपासणी होते. त्रुटीचं पत्र आलं तर मुदतीत उत्तर द्यावं लागतं. नेहमीच्या त्रुटी तीन: अर्जातलं आणि संहितेवरचं शीर्षक न जुळणं, सहलेखकाचं ना-हरकत पत्र नसणं आणि ‘प्रकाशित’ की ‘अप्रकाशित’ हा रकाना चुकणं. नोंदणी झाली की तिथल्या नोंदी न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानल्या जातात. पैसे एकदाच खर्चायचे असतील तर आमचा कौल असा: नाटक, कादंबरी, पूर्ण संहिता यांसाठी दिल्ली आणि वाहिन्या-प्लॅटफॉर्मकडे फिरवायच्या टिपणांसाठी लेखक संघटना.

नोटरीकडून प्रत्येक पानावर शिक्का घेतला तर तोही तारखेचा पुरावा होतो. फक्त नोटरीच्या नोंदवहीतला क्रमांक प्रतीवर लिहून घ्यायला विसरू नका.

संगणकीय फाइल न्यायालयात दाखल करायची तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो आणि फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण वेगळा निघतो. म्हणून पाठवलेली पीडीएफ पुन्हा ‘सेव्ह’ करू नका, तशीच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवर आपोआप नाहीसे होणारे संदेश बंद ठेवा, आणि फोन विकण्याआधी त्या व्यक्तीशी झालेलं संभाषण एक्स्पोर्ट करा. फोन बदलला आणि संभाषण गेलं, हे फार वेळा घडतं.

निर्माता ५०,००० रुपये एकरकमी देतो. करारात ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं आहे. पहिलीच संधी आहे, सही करू का? – पटकथालेखक, पंढरपूर

संधी सोडा असं आम्ही म्हणणार नाही. पण वाचून, दुरुस्त करून घेऊन सही करा. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं असावं लागतं. त्यात कोणती कलाकृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे यावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कोरं सोडलेलं लेखकाच्या फायद्याचं असतं, आणि नेमकं म्हणूनच ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं लिहून आणतात.

करारात कॉपीराइट कायद्याच्या कलम १९(४)चा उल्लेख शोधा. निर्मात्यानं एका वर्षात हक्क वापरले नाहीत तर ते हस्तांतरण संपतं, असं हे कलम सांगतं. पण करारात वेगळं ठरवायची मुभा आहे. बहुतेक छापील करारांत तळाशी ‘कलम १९(४) लागू राहणार नाही’ अशी ओळ असते आणि ती कुणी वाचत नाही. त्या ओळीनं संहिता दहा-दहा वर्षं कपाटात पडून राहते. ती काढून घ्या. निर्माता नाहीच म्हणाला तर तडजोड म्हणून १८ महिने किंवा २ वर्षं घाला, त्यानंतर हक्क आपोआप परत. आम्हाला विचाराल तर मोबदल्याच्या आकड्यापेक्षा या एका कलमासाठी जास्त भांडावं.

२०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या साहित्य आणि संगीताच्या कर्त्यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी मिळणाऱ्या स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) समान वाटा सोडून देता येत नाही. तसं कलम करारात असलं तरी घाबरू नका, पण खोडायला मात्र सांगा. गीतकार-संगीतकारांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्यावं, नाहीतर वाटा जमा होतो आणि हातात येत नाही.

श्रेयाचं कलम मोघम ठेवू नका. ‘योग्य श्रेय दिलं जाईल’ या शब्दांना काही अर्थ नाही. ‘कथा-पटकथा’ असं स्वतंत्र पाटीवर, शीर्षकांत आणि पोस्टरवर, असं लिहा. हक्क विकल्यावरही कलम ५७ प्रमाणे लेखक म्हणून नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार तुमच्याकडे राहतो. पैसे टप्प्यांनी मागा: सहीवेळी, पहिला खर्डा दिल्यावर आणि अंतिम खर्डा दिल्यावर. ‘चित्रीकरण सुरू झाल्यावर’ हा टप्पा शेवटचा आणि सगळ्यात छोटा ठेवा, कारण चित्रीकरण सुरू होणं तुमच्या हातात नसतं.

महाराष्ट्रात साध्या करारासाठी आता किमान ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. कमी स्टॅम्पवर केलेला करार रद्द होत नाही, पण पुराव्यात घेताना उरलेलं शुल्क आणि दंड भरावा लागतो.

मालिकेचं नाव फार छान सुचलं आहे. ते आधी राखून ठेवता येईल का? – होटगी रोड

कॉपीराइटनं नाही. ‘देसी बॉईज’ या नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. चित्रपटांची शीर्षकं निर्मात्यांच्या संस्था नोंदवतात. मराठीसाठी कोल्हापूरचं अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ. पण ती व्यवसायातली आपापसातली व्यवस्था आहे. यूट्यूब वाहिनी, पॉडकास्ट किंवा कार्यक्रमांची मालिका चालवायची असेल तर ट्रेडमार्क घ्या. मनोरंजनासाठी वर्ग ४१, व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरण.

१९३०च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर मी दोन वर्षं संशोधन करून नाटक लिहिलं. आता दुसरा एक गट त्याच विषयावर नाटक करतोय. थांबवता येईल का? – शिक्षिका, सोलापूर

नाही, आणि थांबवता येऊ नये. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली हा इतिहास आहे. त्यावर दहा नाटकं व्हावीत. श्रीसिद्धरामेश्वरांच्या कथांनाही हेच लागू. तुमचं ते तुम्ही रचलेलं: तुरुंगातला काल्पनिक संवाद, तुम्ही निर्माण केलेलं एखादं पात्र, प्रसंगांची उलटसुलट गुंफण. तुमचं संशोधन लेख किंवा पुस्तिका म्हणून आधी छापून टाका. शोधलेल्या माहितीवर मालकी मिळणार नाही, पण ती आधी तुम्ही मांडलीत हे दिसेल, आणि तुमची वाक्यं कुणाला उचलता येणार नाहीत. दुसऱ्या गटाचा प्रयोग मात्र वही घेऊन जरूर पाहा.

गड्ड्याच्या यात्रेत काढलेले माझे नंदीध्वजांचे फोटो एका दैनिकाला दिले. पुढे तेच फोटो एका जाहिरातीत दिसले. मी नोकरदार नाही. – छायाचित्रकार, नवी पेठ

फोटो तुम्ही आपणहून काढून नंतर दिले की त्यांनी पैसे ठरवून काढायला सांगितले, यावर सगळं अवलंबून आहे. आपणहून काढले असतील तर मालक तुम्ही, आणि दैनिकाला छापण्यापुरतीच परवानगी होती. मोबदला ठरवून काढून घेतले असतील तर, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक काम सांगणारा. लग्नाच्या फोटोंनाही हाच नियम, हे स्टुडिओवाल्यांनी लक्षात ठेवावं. पगारी नोकरीत वृत्तपत्रासाठी केलेल्या कामाचे प्रकाशनापुरते हक्क वृत्तपत्राचे, बाकीचे कर्त्याचे.

पुढच्या वेळी बिलावर एकच ओळ छापून घ्या: ‘फक्त अमुक तारखेच्या अंकात एकदा छापण्यासाठी. अन्य वापरासाठी स्वतंत्र मोबदला.’ पाठवताना लांब बाजू १,६०० पिक्सेलची प्रत द्या. बातमीला ती पुरते, फलकाला पुरत नाही. कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल (रॉ फाइल) कुणालाही देऊ नका, कारण फोटो कुणाचा याचा सर्वांत मोठा पुरावा तीच. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की फाइलच्या आतली तारीख, कॅमेरा वगैरे माहिती पुसली जाते, म्हणून मेल करा.

आमच्या गटानं तालमीत सुचेल तशी एकांकिका उभी केली. आता दिग्दर्शक ‘लेखक मीच’ म्हणतो. – महाविद्यालयीन विद्यार्थी

शब्द कुणी कागदावर आणले? एकमेकांपासून वेगळा काढता येणार नाही असा वाटा अनेकांचा असेल तर ते सहलेखक, आणि पुढच्या परवानगीला सगळ्यांची संमती लागते. एखादा विनोद सुचवला म्हणून कुणी लेखक होत नाही. प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. त्या अर्जात लेखक म्हणून कोणाचं नाव घातलं आहे ते आजच पाहा. तारखेसह संहितेची तीच नोंद असते. तालमी सुरू होतानाच अर्ध्या पानावर ठरवून सगळ्यांनी सह्या करायच्या असतात. आता उशीर झाला असला तरी, स्पर्धेचा निकाल लागण्याआधी बसा. बक्षीस मिळाल्यावर कुणी ऐकत नाही.

माझे खाद्यपदार्थांचे व्हिडिओ लोक उचलून आपल्या वाहिनीवर टाकतात. – गृहिणी, अक्कलकोट रोड

शेंगाचटणी कुटण्याची कृती तुमच्या एकटीची नाही. कुणी स्वतःच्या खलबत्त्यात कुटून, स्वतः बोलून व्हिडिओ केला तर तक्रार करू नका, ती टिकणार नाही. तुमचंच चित्रीकरण उचललं असेल तर यूट्यूबच्या स्टुडिओतून काढून टाकण्याची विनंती भरा. तुमच्या व्हिडिओची लिंक, त्यांची लिंक आणि कोणत्या मिनिट-सेकंदाला नक्कल आहे ते लिहा. समोरच्याला ७ दिवस मुदत देण्याचा पर्यायही तिथं आहे. नवख्या मुलांनी उचललं असेल तर आम्ही तोच सुचवू. तीन स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटभंगाचे तीन ठपके, झाले की वाहिनी बंद होऊ शकते, हे तक्रार करणाऱ्यानंही ध्यानात ठेवावं. त्यांनी प्रतिदावा केला तर १० कामकाजाच्या दिवसांत न्यायालयीन कारवाई केल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर व्हिडिओ परत येतो. इतर संकेतस्थळांना कॉपीराइट नियमांप्रमाणे लेखी तक्रार द्या. त्यांनी ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम आणला नाहीत तर ते तो पुन्हा खुला करू शकतात.

चित्रीकरणात तुमचं भांडं, ओटा, हात सतत दिसू द्या. कोपऱ्यातला लोगो कापून काढता येतो, हात काढता येत नाहीत.

मी ॲनिमेशनसाठी काढलेलं पात्र एका कारखान्याला टॉवेलवर छापायचं आहे. – चित्रकार, सोलापूर

इथं घाई करू नका, कारण चित्र टॉवेलवर गेलं की कायदा बदलतो. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगी नक्षी नोंदवली नाही आणि औद्योगिक पद्धतीनं तिच्या ५० पेक्षा जास्त प्रती निघाल्या, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. टॉवेलचा एक लॉटच त्याहून मोठा असतो. डिझाइनची नोंदणी १० वर्षांसाठी मिळते, पुढे ५ वर्षं वाढते. पण अर्जाआधी ते कुठेही प्रसिद्ध झालेलं चालत नाही, इन्स्टाग्रामवरसुद्धा नाही. म्हणून आधी चित्र कलाकृती म्हणून कॉपीराइट कार्यालयात, मग टॉवेलची नक्षी डिझाइन म्हणून, आणि नमुना बाजारात त्यानंतर. कारखान्याला परवानगी देताना वस्तू, नगसंख्या आणि मुदत लिहा. ‘टॉवेलसाठी’ म्हणून दिलेलं चित्र चादरीवर, पिशवीवर, खोक्यावर जातं ते याच मोघमपणामुळे.

माझी कथा चोरून मालिका आली आहे. जाहिरात सुरू झाली, पुढच्या महिन्यात प्रक्षेपण. पहिलं पाऊल काय? – लेखक, सोलापूर

पहिली गोष्ट, समाजमाध्यमांवर आज काही लिहू नका. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध समोरचा दावा करू शकतो, आणि बदनामीचा वेगळा. जाहिरातीचे सगळे तुकडे तारखेसह उतरवून ठेवा.

मग चार रकान्यांचा तक्ता करा: तुमच्या संहितेतलं पान आणि प्रसंग, त्यांच्या जाहिरातीतलं किंवा भागातलं मिनिट-सेकंद, नेमकं साम्य, आणि हे साम्य अशा प्रकारच्या गोष्टींत सर्रास आढळतं का. चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा. सासू-सुनेचं भांडण, पावसातली भेट, जुळी भावंडं ही साम्यं तिथं गळून जातील. ती गळूनही सात-आठ ठोस जागा उरल्या, त्यातही चूक किंवा विचित्र तपशील तसाच उचललेला असला, तर दावा मजबूत आहे. तुमची संहिता त्यांच्यापर्यंत कशी पोचली हेही दाखवावं लागेल: मेल, भेट, मधला माणूस. साम्य आहे पण पोचण्याचा मार्गच नाही, अशा ठिकाणी दावे ढासळतात.

तक्ता घेऊन बौद्धिक संपदेचं काम करणाऱ्या वकिलाकडून या आठवड्यातच नोटीस पाठवा. संघटनेचे सभासद असाल तर तंटा निवारण समितीकडे त्याच वेळी अर्ज करा. तिचा निर्णय न्यायालयाच्या हुकुमासारखा बजावता येत नाही, पण निर्माते तो सहज डावलत नाहीत. दाव्यासाठी मुंबईलाच जावं लागतं असं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दावा करणारा जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात तो लावता येतो, म्हणजे सोलापुरातही.

तात्पुरत्या मनाईची मागणी प्रक्षेपणाआधी गेली पाहिजे. जाहिरात महिनाभर पाहून आदल्या दिवशी धावलात तर ‘इतके दिवस काय करत होता’ हा पहिला प्रश्न येतो, आणि बहुतेकदा तिथंच मनाई नाकारली जाते. मनाई हुकली तरी भरपाईचा दावा उल्लंघनापासून ३ वर्षांत करता येतो. त्याच कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, पोलीस थेट गुन्हाही नोंदवू शकतात. जशीच्या तशी प्रत विकली जात असेल तर तो मार्ग उपयोगी. कथेच्या साम्याचा वाद पोलीस ठाण्यात सुटत नाही, तक्ता वाचायला तिथं कुणाला वेळ नसतो.

समोरून तडजोडीचा फोन आला तर नकार देऊ नका, पण फोनवर ठरवूही नका. मेलवर मागा: श्रेय कोणत्या भागापासून, कोणत्या शब्दांत, रक्कम किती आणि कोणत्या तारखेला. आणि ‘यापुढे कोणताही दावा नाही’ या कागदावरची सही धनादेश वटल्यानंतरच.